रोज तोच आकडा

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा पोचलं. 'खूप' मधला 'खू' दीर्घ आणि 'आणि' मधला 'णि' ऱ्हस्व, हे मी आता कितव्यांदा लिहितोय ते मलाही सांगता येणार नाही. नववीत शाळा सुटली तरी एवढं माझ्यापाशी उरलं आहे. ते तरी वापरू दे.

नवी नोकरी बरी चालली आहे. शीतगृहात चार खोल्या आहेत, फळांच्या पेट्यांनी भरलेल्या. दर दोन तासांनी प्रत्येक खोलीत जायचं, भिंतीवरचा पारा बघायचा आणि बाहेर येऊन दाराच्या खिळ्याला टांगलेल्या कार्डावर आकडा लिहायचा. माझ्या आधीच्या कारकुनाला काढून टाकलं, त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी. फोरमनकाका मला थंड डोक्याचा म्हणतात. त्यांना काय माहीत.

आता मुद्दा. तुझी पत्रं आईला मीच वाचून दाखवतो, तेव्हा याचं उत्तर वेगळ्या कागदावर लिही.

दीड महिना झाला, आईला मधूनच काहीतरी होतं. दुकानातून आणलेल्या शर्टांना काजं करत बसलेली असते आणि एकदम तिची सुई थांबते. छातीपासून कानापर्यंत लाली चढत जाते. कपाळावर घाम फुटतो. चपला काढून ती उघड्या फरशीवर खिडकीपाशी जाऊन उभी राहते. पाच-सात मिनिटं. मग कुडकुडायला लागते आणि माझं कामावरचं लोकरी जाकीट ओढून घेते. दिवसातून चार वेळा, कधी सहा.

मी थर्मामीटर आणला. ताई, हात लावला तर चटका बसतो, आणि पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपासच. झटकून परत लावला. दुसरा विकत आणला. तेच. जो ताप हाताला लागतो आणि पाऱ्याला लागत नाही, त्याला काय म्हणायचं?

आईला विचारलं. ती दातानं दोरा तोडत म्हणाली, "तुझ्या आत्याला असंच व्हायचं."

"मग?"

"मग काय! खोली तिची, दुखणं तिचं. मी येऊन राहिले ना तिच्यात."

बाबा गेल्यापासून आई मागच्या खोलीत झोपते. बाबांची बहीण त्याच खोलीत गेली, एवढंच मला ठाऊक आहे. तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आत्याचा चेहरा मला आठवत नाही. फरशीवर उमटलेली ओली पावलं आठवतात, आणि पावलांच्या पुढे कुणी नसतं. काल आई खिडकीपाशी जाऊन आली, तेव्हा फरशीवर तशीच पावलं होती. मी त्यांच्यावर पाय न देता भिंतीच्या कडेनं गेलो.

आणखी एक. त्या खोलीच्या चौकटीला बाहेरच्या बाजूनं चार बारीक भोकं आहेत, साबणानं बुजवलेली. ती मी आजवर पाहिली नव्हती. तुला काही माहीत आहे का?

तुझा,
धाकटा


ता. ११ जानेवारी

चि. कानामात्रा यास,

अनेक आशीर्वाद. पहिला कागद आईला वाचून दाखव, हा दुसरा तुझ्या एकट्याचा.

तू घाबरलास की तुझं अक्षर जास्तच सुंदर होतं. पाकीट उघडलं आणी न वाचताच कळलं.

अरे, मी दिवसभर बायकांच्या दवाखान्यात खिडकीमागे बसून नंबर पुकारते. रोज दहा जणी हेच सांगत येतात. "अंगातून वाफा निघतात." "डोक्यावरून कढत पाणी गेल्यासारखं होतं." "मी पांघरूण फेकते, नवरा गोळा करत बसतो." आई पन्नाशीची झाली. लाजू नकोस, स्पष्टच लिहिते, पाळी जायचं वय आहे तिचं. त्या वयात शरीराला आपण गरम आहोत की गार तेच धड कळेनासं होतं. नसलेला उकाडा घालवायला ते घाम काढतं, मग गारठतं. कातडी तापते, आत ताप नसतो. तुझा थर्मामीटर बरोबर आहे. तिसरा आणू नकोस.

पण आमच्या डॉक्टरबाई तेवढ्यावर सोडत नाहीत. गळा चाचपून बघतात. तिथली थायरॉइडची गाठ जास्त काम करायला लागली तर बाईला उकडतं, कमी करायला लागली तर हिव भरतं. रक्त कमी आहे का, साखर खालीवर होते का, कुठला ताप अंगात मुरलाय का, कसल्या गोळ्या चालू आहेत, काळजी कसली आहे, सगळं विचारतात. म्हणतात, "वय झालं हे उत्तर सोपं आहे, म्हणून ते सगळ्यात शेवटी द्यायचं." तेव्हा आईला दवाखान्यात ने. हट्ट कर. आणी तिला खुप शर्ट आणून देऊ नकोस.

त्या खोलीत तिला झोपू देऊ नकोस. खाट बाहेर काढ. आत्याबद्दल तिला काही विचारू नकोस. मलाही विचारू नकोस. भोकांचं मला माहीत नाही.

मी मजेत आहे. वजन उतरलंय, मैत्रिणी म्हणतात छान दिसतेस. इथे या दिवसांतसुद्धा पंखा लावावा लागतो, इमारतच मेली तशी आहे.

तुझी,
ताई


ता. १९ जानेवारी

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचून निम्मी भीती गेली. तुमच्या इमारतीचं छप्पर पत्र्याचं असेल. पत्र्याखाली पोतं अंथरलं तर फरक पडतो, आमच्याकडे तसंच करतात.

उरलेली निम्मी भीती अशी, की आई दवाखान्यात यायला तयार नाही.

"डॉक्टर बघून गेला होता तुझ्या आत्याला," ती म्हणाली. "नाडी धरली आणि म्हणाला, मनाचं आहे. शेजारपाजारचे म्हणाले, अंगात आलंय. मनात म्हणा नाहीतर अंगात म्हणा, दार लावून घ्या असं दोघांनीही सांगितलं."

"कुठलं दार?"

तिनं जीभ चावली. "तो निळ्या दोऱ्याचा शर्ट दे इकडे. आणि दिव्यासमोरून हल."

खाटही ती हलवू देत नाही. म्हणून मला येतं ते मी केलं. तिच्या दारापाशी खिळा ठोकून कार्ड टांगलं. त्यात वेळ, पारा, हाताला काय लागलं आणि आई काय म्हणाली, असे चार रकाने आहेत. नमुना म्हणून कालच्या दोन नोंदी उतरवतो.

सकाळी १०.२०. ९८.२. चटका. "बघतोस काय, वारा घाल!"

दुपारी १.०५. ९७.९. गार. "मला तुझ्या त्या शीतगृहात नेऊन ठेव. फळं तरी टिकतात."

तेव्हा ती हसली. मला बरं वाटलं. मग ती खिडकीकडे बघून हळूच म्हणाली, "आले, आले," आणि तिथे कुणीच नव्हतं.

आता तुझं काम. शीतगृहात खोल्यांच्या बाहेर, बोळात, एक जादा पारा लावलेला असतो. त्याला आम्ही तुलनेचा काटा म्हणतो. खोलीतला आकडा चढला की आधी बोळातला बघायचा. दोन्ही चढले असतील तर हवेचा दोष, एकच चढला असेल तर त्या खोलीचा. माझ्यापाशी आईचं कार्ड आहे, पण तुलनेचा काटा नाही. तू याच घरातली बाई आहेस आणि धडधाकट आहेस. रोज दुपारी चार वाजता, सात दिवस, स्वतःचा पारा बघ आणि लिहून पाठव. जो असेल तोच आकडा लिही. एक दशांशही इकडेतिकडे नको.

तुझा,
धाकटा


ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखीचं नाही म्हणून दचकू नकोस. माझं बोट भाजलंय, म्हणून मी सांगतेय आणि खोलीतली मैत्रीण लिहून देतेय. तिचं शुद्धलेखन तुझ्या तोडीचं आहे. बघ, जमवून टाकू का? ती आत्ता लिहिता लिहिता लाजली.

तुझे आकडे घे.

सोमवार ९८.४. मंगळवार ९८.४. बुधवार ९८.४. गुरुवार ९८.४. शुक्रवार ९८.४. शनिवार ९८.४. रविवार ९८.४.

झालं समाधान? तुझा तुलनेचा काटा ठणठणीत आहे. आता माझ्यामागे लागू नकोस, आईला दवाखान्यात ने.

आईला एक विचार. गणवेशाचं गळ्याचं बटण आवळतंय, लागतच नाही. मेट्रन उघडा गळा चालवून घेत नाहीत, रोज टोकतात. नुसतं बटण सरकवून भागेल, की काजही नवं करावं लागेल? आणि कमरेतून गणवेश सैल झालाय, तोही आत घ्यायचा आहे. दोन्ही एकदमच करून घेते.

पत्र आईला पूर्ण वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझी,
ताई


ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मला ते पत्र आवडलं नाही.

माझ्या आधीच्या कारकुनाची गोष्ट आता सांगतो. त्याला थंडीचा कंटाळा होता. तीन नंबरच्या खोलीत तो अकरा दिवस गेलाच नाही. बोळात स्टुलावर बसून कार्डावर रोज तोच आकडा लिहीत राहिला, दोन, दोन, दोन. सुंदर गोल अक्षर होतं म्हणतात. बाराव्या दिवशी दार उघडलं तेव्हा वासानं माणसं मागे सरली. आत यंत्र बंद पडलं होतं आणि चारशे पेट्यांचा लगदा झाला होता. मी कामावर लागलो त्या दिवशी फोरमनकाकांनी ते कार्ड मला दाखवलं. म्हणाले, "पोरा, जिवंत खोलीचा आकडा हलतो. माणूस आत गेला, दार उघडलं, ऊन चढलं, तो थोडा तरी हलणारच. सरळ रेघ दिसली की समजायचं, आत कुणी गेलेलं नाही. आधी दार उघडायचं."

सात दिवस ९८.४. ताई, तू आत गेलेली नाहीस. आणि आकडा लपवायचा असेल तरच माणूस असा आकडा लिहितो.

हे माझं झालं. आता आईचं ऐक.

पत्र मी तिला पूर्ण वाचून दाखवलं. बटणाशी आलो तेव्हा तिनं सुई खाली ठेवली. "परत वाच." मी परत वाचलं. "वजन उतरलंय का तिचं?" मी हो म्हटलं. आई हातातल्या शर्टाच्या कॉलरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाळलेल्या माणसाचा कपडा कमरेला सैल होतो, खांद्याला सैल होतो, तसा गळ्यालाही व्हायला हवा. मी तीस वर्षं कपडे बघतेय. अंग वाळतं आणि गळा तेवढा भरतो, असं मी एकीचंच पाहिलंय. तुझ्या आत्याच्या कमरेला मी टाचण्या लावत होते आणि गळ्याचं बटण बाहेर सरकवत होते. तीनदा सरकवलं."

मी बाहेर जाऊन बसलो. मला एवढी साधी गोष्ट महिनाभर सुचली नव्हती. आत्या म्हणजे बाबांची बहीण. आई या घरात लग्न होऊन आलेली. दोघींचं रक्ताचं नातं काहीच नाही. दुखणं खोलीतून लागत असेल तर ते आईला लागेल. रक्तातून येत असेल तर ते तुला येईल, नाहीतर मला. मी आरशासमोर शर्टाची सगळी बटणं लावून बघितली. माझं लागलं.

आत्या कशी गेली ते आई सांगत नाही. पण ती गेली, एवढं खरं.

तुझ्या खिडकीपासून डॉक्टरबाईंची खोली किती पावलांवर आहे? खरा आकडा कळव.

धाकटा


ता. १८ फेब्रुवारी

ताई,

बारा दिवस झाले. तुझ्या मैत्रिणीच्या हातचं पत्रसुद्धा नाही. आई जेवायला बसते आणि उठते. काल कामावर मी दोन नंबरच्या खोलीचा आकडा एक नंबरच्या कार्डावर लिहिला. असं आजवर झालं नव्हतं.

दोन ओळी लिही. चुकीच्या लिही.

धाकटा


ता. २१ फेब्रुवारी

चि. कानामात्रा,

हे माझं अक्षर आहे. ओळखू आलं का? रेघांच्या वर-खाली नाचतंय, कारण हात थांबत नाही. बोट भाजलेलं नव्हतं. कप धरला की बशी वाजते, म्हणून मी आता सगळ्यांसमोर चहा पीत नाही.

सात पावलं. तू विचारलंस म्हणून आज मोजली.

तीन महिने झाले. उकडतं. गार पाण्यानं अंघोळ करून पाच मिनिटांत पुन्हा घाम. नुसती बसलेली असले तरी छातीत कुणी जिना चढत असल्यासारखं धडधडतं. मध्येच हिव भरल्यासारखंही होतं. पारा कधी ९९.३, कधी ९९.८, एकदा ९८.९. तुला सरळ रेघ पाठवली कारण ते आकडे तुझ्या अक्षरात कार्डावर बघायची मला भीती वाटली.

तू म्हणशील, नंबर पुकारणारीला एवढं कळत नाही? कळतं रे. दुसऱ्या कुणा बाईनं हे सांगितलं असतं तर मी तिला हाताला धरून आत नेलं असतं. पण समज, मी तपासून घेतलं आणी काहीच निघालं नाही. मग? मग ती आत्याच, हे पक्कं होईल. न तपासता निदान दोन्ही शक्यता राहतात.

ती माझ्यात का येईल ते आता लिहिते. कुणाला सांगितलेलं नाही.

मी नऊ वर्षांची होते. शाळा सकाळची. दुपारी घरात मी, तू आणी आत्या. ती उकाड्यानं अनवाणी रस्त्यावर धावत सुटायची, लोक जमायचे, म्हणून मागच्या खोलीला बाहेरून कडी बसवली होती. जेवण आत द्यायचं आणी कडी लावायची, हे माझं काम. हात पुरायचा नाही, स्टूल ओढायला लागायचं. आत्या आतून म्हणायची, "उघड ग राणी. खुप उकडतंय." दम लागलेला असायचा, म्हणून तिचा 'खुप' तुटका यायचा, ऱ्हस्व. तू इतक्या वर्षांत इतक्यांदा सुधारलास, तरी माझा हात दीर्घ काढत नाही. मला तो तसाच ऐकू येतो.

त्या दुपारी तिनं तीनदा म्हटलं. मी तुला पाटीवर क ला काना का गिरवून देत होते. तू हट्ट धरला होतास, अक्षर रेघेच्या बाहेर गेलं की पुसून परत. मी म्हटलं, आत्या थांब, याचं होऊ दे. चौथ्यांदा तिनं हाक मारली नाही. मला वाटलं, झोपली. संध्याकाळी आईनं कडी काढली.

आता दुपारी चारच्या सुमाराला खिडकीत बसले की मला आतून तीच हाक येते. आतून म्हणजे माझ्याच आतून. मी दार उघडलं नाही, म्हणून ती इथे येऊन राहिली. मला हे पटत नाही आणी खरंही वाटतं.

आईला हे वाचून दाखवू नकोस.

ताई


ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,

मी वाचून दाखवलं. रागव.

पाटीपर्यंत माझा आवाज नीट होता. मला ती पाटी आठवते. मला वाटायचं, माझी सगळ्यात जुनी आठवण ही सुखाची आहे.

आईनं सगळं ऐकलं, मग म्हणाली, "लिही." पुढचं तिचं आहे, मी एक अक्षर बदललेलं नाही.

"कडी लावायला मी सांगितलं होतं. लिहिलंस? कुठे लिहिलंस ते दाखव. तुझ्या बाबांनी बसवली आणि मी सांगितलं. नऊ वर्षांच्या पोरीला मी स्टूल दाखवलं. तेराव्या दिवशी मी ती कात्रीच्या टोकानं उपसून काढली आणि भोकं बुजवली. बाबा असेपर्यंत त्यांनी मला त्या खोलीत निजू दिलं नाही. ते गेल्यावर मी मुद्दाम तिथे गेले. मला उकडायला लागलं तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आली एकदाची, हिशेब माझ्याशीच करतेय. ती तुझ्याकडे का जाईल? तिला काय मी घरात सापडत नाही?"

कडी लावायला मी सांगितलं होतं, या ओळीखाली जो डाग दिसतो तो तिच्या बोटाचा आहे. वाचता येत नाही, म्हणून तिनं बोट ठेवून खात्री करून घेतली. कडी बटणांच्या डब्यात तळाशी आहे. वीस वर्षं मी त्याच डब्यातून तिला बटणं काढून देत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दारात उभी. "चल दवाखान्यात. तपासून काही निघालं नाही तर काय होतं, ते आधी माझ्यावर बघू." डॉक्टरांनी सगळं विचारलं, तुझ्या डॉक्टरबाईंसारखंच. गळा बघितला, रक्त घेतलं. काल कागद आला. रक्त ठीक, साखर ठीक, थायरॉइड ठीक. वयाचं आहे म्हणाले, आणि त्यासाठी काय करायचं तेही सांगितलं. ताई, काही निघालं नाही आणि काही झालंही नाही. आई परत येताना दुकानातून सहा शर्ट घेऊन आली. संध्याकाळी तिला पुन्हा उकडलं. खिडकीपाशी उभी राहून ती म्हणाली, "हे माझं आहे तर. माझं एकटीचं." आणि मग खूप रडली. मला कळलं नाही, मी कार्डावर काहीच लिहिलं नाही.

फोरमनकाकांकडे रजा मागितली. "कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, एक दार उघडायचं आहे. ते मफलर सोडत म्हणाले, "मग इथे का उभा आहेस?"

शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं येतो. तुझ्या खिडकीसमोर रांगेत उभे राहू आणि नंबर घेऊ. तो तुझ्यासाठी असेल. पुकारायचं काम तुझं.

धाकटा


ता. १९ मार्च

चि. कानामात्रा यास आणी ती. आईस,

तुम्ही परत पोचलात हे कळलं. मला अजून आठवडाभर इथेच ठेवणार आहेत. तुलनेच्या काट्याचे खरे आकडे घे. ९९.६, ९९.१, ९९.४, ९८.८, ९९.०, ९८.६, ९८.७. हलतायत. ठोके एकशे अडतीस होते, आता शंभराच्या खाली येतात. थायरॉइडच निघाली, गोळ्या दोन वर्षं तरी घ्यायच्या.

माझाच नंबर मला पुकारावा लागला, यावरून सगळा दवाखाना अजून हसतोय. "एकोणचाळीस! एकोणचाळीस कोण?" आणी आई रांगेतून ओरडते, "तूच ग बये!" डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. कागद हातात आल्यावर म्हणाल्या, "सात पावलं, आणी तीन महिने! आणखी महिनाभर बसली असतीस तर हृदयानं ऐकलं नसतं." मी त्यांना आत्याचं विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणी म्हणाल्या, "असू शकेल. घराण्यात चालतं. पण जिला मी बघितलं नाही तिचं मी सांगणार नाही." मला एवढं तरी सांगा म्हटलं, वाचली असती का? त्यांनी माझं कार्ड जागेवर लावलं आणी पुढच्या खाटेकडे गेल्या.

हाताचं थरथरणं कमी झालंय, बघ, रेघेवर लिहितेय. हाक मात्र थांबलेली नाही. गोळ्या त्यासाठी नाहीत.

काल दुपारची गोष्ट. माझ्या शेजारच्या खाटेला पडदा लावलेला आहे. सकाळी तिथे कुणाला तरी आणलं, मी झोपेत होते. चारच्या सुमाराला वॉर्डात सगळ्या निजलेल्या. पडद्यामागून आवाज आला, दम लागलेला. "उघड ग. उकडतंय."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, औषधाला वेळ लागतो. तेवढ्यात पुन्हा. "उघड ग."

दोन्ही खाटांच्या मध्ये उंच खिडकी आहे. कडी वर आहे, माझा हात पुरत नाही. कोपऱ्यात एक स्टूल होतं. त्याचा पाय फरशीवर घासला तसा आवाज मी वीस वर्षं ऐकला नव्हता. तिसऱ्यांदा हाक यायच्या आत मी वर चढले. कडी गंजलेली होती, दोन्ही हात लावून ओढली. पल्ले उघडले आणी वारा आत आला, पडदा फुगला आणी खाली बसला.

पडद्यामागे कोण आहे ते मी बघितलं नाही. नंतर दोघीतिघी येऊन खाट घेऊन गेल्या, तेव्हाही मी भिंतीकडे तोंड करून होते. कार्ड अजून खिळ्याला आहे. तू आलास की वाच. मला सांगू नकोस.

पण वारा आत आला तेव्हा ती बोलली, ते लिहिते. आता हे सुधारू नकोस, ती म्हणाली तस्संच लिहिलंय.

"खुप बरं वाटलं ग राणी."

तुझी,
ताई